वंशभेदाचा हिशेब : राष्ट्रांचा आणि आपला

२१ मार्च १९६० रोजी दक्षिण आफ्रिकेतील शार्पव्हिल येथे कृष्णवर्णीय स्त्री-पुरुष पोलीस ठाण्यासमोर जमले होते. स्वतःच्याच देशात वावरताना ‘पास’ जवळ बाळगण्याच्या सक्तीविरुद्ध त्यांची निदर्शने होती. पोलिसांनी गोळीबार केला. अधिकृत नोंदीनुसार ६९ माणसे मृत्युमुखी पडली. अनेकांना गोळ्या पाठीत लागल्या होत्या. पुढे संयुक्त राष्ट्रसंघाने २१ मार्च हा वंशभेद निर्मूलनाचा आंतरराष्ट्रीय दिन म्हणून जाहीर केला.

२१ डिसेंबर १९६५ रोजी संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने सर्व प्रकारच्या वंशभेदाच्या निर्मूलनाचा करार संमत केला आणि ४ जानेवारी १९६९ पासून तो अमलात आला. भारताने १९६८ मध्येच त्याला मान्यता दिली होती. वंश, वर्ण, जन्मकूळ, राष्ट्रीय किंवा वांशिक मूळ यांच्या आधारे माणसाचे समान हक्क डावलणे म्हणजे भेदभाव, अशी या कराराची व्याख्या आहे.

कराराच्या अंमलबजावणीवर १८ तज्ज्ञांची समिती देखरेख करते. सदस्य राष्ट्रांनी तिला ठरावीक काळाने अहवाल द्यावयाचा असतो. समिती त्या राष्ट्राच्या प्रतिनिधींना प्रश्न विचारते, नागरी संघटनांचे म्हणणेही विचारात घेते आणि आपले निष्कर्ष जाहीर करते. मात्र तिच्या हाती शिक्षेचा अधिकार नाही. अनेक अहवाल उशिरा येतात. व्यक्तिगत तक्रारही, संबंधित राष्ट्राने तशी संमती दिली असेल तरच, स्वीकारता येते. तरीही जाहीरपणे जाब विचारला जाणे ही लहान गोष्ट नव्हे; अन्याय लपून राहिला की तो बळावतो.

इस्लामने हा जाब आधी अंतःकरणाला विचारला. पवित्र कुरआनच्या सूरह अल्-हुजुरातमध्ये (४९:११-१३) प्रथम एकमेकांची टवाळी करण्यास व हिणवणारी नावे ठेवण्यास मनाई आहे. त्यानंतर सर्व मानव एकाच स्त्री-पुरुषापासून निर्माण झाले, कुळे व कबिले केवळ परस्परांच्या ओळखीसाठी आहेत आणि अल्लाहजवळ प्रतिष्ठा तकव्याने मिळते, अशी शिकवण येते. हा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे : भेदभावाचा आरंभ जिभेवर होतो.

सहीह बुखारीतील हदीस प्रसिद्ध आहे. हजरत अबूजर (रजि.) यांनी एका माणसाला त्याच्या आईवरून हिणवले. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांना, तुमच्यात अजून जाहिलियत शिल्लक आहे, असे बजावले आणि हाताखालची माणसे तुमचे बांधव आहेत, आपण खातो तेच त्यांना खाऊ घालावे, आपण नेसतो तेच त्यांना नेसवावे, अशी शिकवण दिली. पुढे रबजा येथे अबूजर (रजि.) आणि त्यांचा सेवक यांच्या अंगावर सारखाच पोशाख पाहून लोकांनी कारण विचारले, तेव्हा त्यांनी स्वतःची ही चूक सांगितली. त्यांनी आपला दोष झाकला नाही. त्यांचा पश्चात्ताप त्यांच्या वस्त्रात दिसत होता.

आता आपल्या घराकडे पाहू. ‘मुलगी सद्गुणी आहे, पण रंगाने सावळी आहे,’ असे म्हणून स्थळ नाकारले जाते. दीनदार तरुणाची बिरादरी विचारून संबंध तोडला जातो. करारातील ‘जन्मकूळ’ या शब्दात जातीचाही समावेश होतो, असे समितीने २००२ मध्ये स्पष्ट केले. भारत सरकारला हा अर्थ मान्य नाही. परंतु श्रद्धावंताने या वादाच्या निकालाची वाट पाहण्याची गरज नाही. अरबाला अरबेतरावर आणि गोऱ्याला काळ्यावर तकव्याखेरीज कोणतेही श्रेष्ठत्व नाही, हे अंतिम हजच्या प्रवचनात स्पष्ट झालेले आहे. मक्काविजयाच्या दिवशी काबागृहावरून अजान देण्याचा मान हजरत बिलाल (रजि.) यांना मिळाला, हे आपण मुलांना अभिमानाने सांगतो. मात्र तीच मुले विवाहाच्या बैठकीतील आपले बोलणेही ऐकत असतात.

जगात वंशभेदाला बळी पडणाऱ्या मुस्लिमांसाठी न्याय मागणे आपले कर्तव्य आहे. परंतु जो न्याय आपण राष्ट्रांकडे मागतो, तो घरात नाकारला तर आपली मागणी पोकळ ठरते. म्हणून आज कुटुंबात बसून स्वतःला तीन प्रश्न विचारावेत : आपल्या घरात कोणाच्या रंगावरून वा कुळावरून विनोद होतात काय? घरी काम करणाऱ्यांची ताटे-पेले वेगळे आहेत काय? स्थळ पाहताना आपण पहिला प्रश्न कोणता विचारतो?

राष्ट्रांचे अहवाल उशिरा जाऊ शकतात. आपल्या कर्मांची नोंद मात्र क्षणोक्षणी होत आहे. अल्लाह आपली अंतःकरणे जाहिलियतच्या अवशेषांपासून शुद्ध करो. आमीन.