आराखड्यावाचून घडलेलं गोल्फचं मैदान

प्रश्न : टीव्हीवर ब्रिटिश ओपन पाहतो. समुद्राकाठची ती मैदानं उंचसखल, उजाड, झाडाचा पत्ता नाही. एवढ्या पैसेवाल्या खेळाचं मैदान असं का? आणि आपल्या कोकणात तसं का नाही?
– एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : गोल्फ वाढला तोच अशा जमिनीवर, पैसा आणि मखमली हिरवळ मागाहून आली. स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजचा 'ओल्ड कोर्स' घ्या. समुद्र मागे हटला, वाळूचे उंचवटे उरले. तिथे पीक येईना, म्हणून ती जमीन मेंढ्यांना, सशांना आणि खेळणाऱ्यांना मोकळी राहिली. वाऱ्यापासून आडोसा शोधत मेंढ्या बसायच्या, तिथे पडलेल्या खळग्यांचे पुढे बंकर झाले, अशी जुनी समजूत आहे. मैदान सुरुवातीला कुणी आखलंच नाही.

खेळाचं वेड एवढं, की १४५७ मध्ये राजा दुसऱ्या जेम्सने स्कॉटलंडभर त्यावर बंदी घातली. लोक तिरंदाजीचा सराव सोडून गोल्फ खेळत होते. तरी खेळ टिकला. १५५२ च्या सनदेत आर्चबिशप हॅमिल्टन यांना सेंट अँड्र्यूजच्या या जमिनीवर ससे पाळायची मुभा मिळाली, पण गावकऱ्यांचा खेळण्याचा हक्क राखून. मला या मैदानाचं सगळ्यात मोठं वैभव हेच वाटतं. आजही ती जमीन सार्वजनिक आहे. एरवी रविवारी खेळ बंद असतो आणि गावातले लोक कुत्री घेऊन तिथे खुशाल फिरतात. जगभर चालणारे १८ होल्सही इथलेच : १७६४ मध्ये काही होल्स एकत्र करून २२ चे १८ केले गेले.

आता आपल्याकडचं. सेंट अँड्र्यूजला वर्षाला जेमतेम ७०० मिलिमीटर पाऊस, तोही बारा महिन्यांत विखुरलेला. वाळू पाणी लगेच जिरवते, थंड हवेत बारीक, चिवट गवत वाढतं आणि चेंडू टणटण उड्या मारत लांब पळतो. कोकणात चार महिन्यांत त्याच्या तिप्पट-चौपट पाऊस कोसळतो, गवत माजतं. आणि किनाऱ्यालगत डोंगर, खाड्या, माडाच्या वाड्या. मुंबईत कुलाब्याच्या टोकाला युनायटेड सर्व्हिसेस क्लबचं मैदान थेट समुद्राला भिडलेलं आहे. वारा तोच, खारा आणि लहरी. पण खाली वाळूऐवजी काळा कातळ आहे, आणि जागा लष्करी हद्दीत असल्याने वाटेल त्याला आत फिरता येत नाही. आपल्या नागपुरी काळ्या मातीवर तर पावसाळ्यात चेंडू पडेल तिथेच रुतेल.