भाकरी, डबा आणि पंगत : आहाराच्या पाठाची एक मांडणी

परिसर अभ्यासातील आहाराचा घटक पुष्कळ शाळांतून एकाच रीतीने शिकविला जातो. भिंतीवर समतोल आहाराचा तक्ता टांगला जातो. त्यावर दुधाचा पेला, अंडे, लोण्याचा गोळा आणि तांबडे सफरचंद अशी चित्रे असतात. मुले कर्बोदके, प्रथिने, जीवनसत्त्वे ही नावे तालावर म्हणतात. नंतर पाठ जिवंत व्हावा या चांगल्या हेतूने शिक्षक विचारतो, “काल रात्री कोण काय जेवले?” पाठ बिघडतो तो नेमका येथे.

पहिल्या ओळीतील मुलगा सांगतो, “वरण, भात, पोळी आणि भाजी.” दुसरा तेच सांगतो, तिसराही तेच. ज्या मुलीच्या घरी रात्री भाकरी आणि मिरचीचा ठेचा एवढेच होते, तीही खाली मान घालून वरण-भाताचेच नाव घेते. वर्गातील पस्तीस मुलांनी एकाच रात्री एकच जेवण केले, असे ऐकूनही शिक्षकास संशय येत नाही. फळ्यावर पोळी, भाजी, वरण, भात असे लिहिले जाते आणि पाठ पुढे सरकतो. मुलांनी या तासात आहाराचे ज्ञान मिळविले की कोणते अन्न चारचौघांत सांगण्याजोगे आणि कोणते लपविण्याजोगे याचे, हे शिक्षकाने स्वतःशी पडताळून पाहावे. त्या मुलीस खोटे बोलण्याची खोड आहे असे मानणे अन्यायाचे होईल. प्रश्नानेच तिला भिंतीपाशी नेऊन उभे केले.

ही लाज डब्यातही दिसते. कित्येक शाळांत दुपारी एखादे मूल डब्याचे झाकण अर्धवट उघडून त्याच्या आडोशाने जेवते. शिक्षकाने हे पाहिले असेल तर “काय आणलेस, दाखव पाहू” असे कौतुकानेसुद्धा म्हणू नये. कौतुकाचा आवाज वर्गाला ऐकू जातो आणि झाकण अधिकच घट्ट मिटते.

प्रश्न कोणता विचारावा

मुलाच्या ताटाविषयी न विचारता आजीच्या ताटाविषयी विचारावे. आदल्या दिवशी मुलांना एवढेच सांगावे की, घरातील किंवा शेजारच्या वृद्ध माणसास विचारून यावे : “तुमच्या लहानपणी गव्हाची पोळी कोणकोणत्या दिवशी होत असे?” आज साठी-सत्तरी ओलांडलेली पिढी याचे उत्तर फार गोडीने देते. महाराष्ट्राच्या अवर्षणी भागातील असंख्य घरांत त्या काळी गहू सणासुदीलाच दळला जाई. होळीची पुरणपोळी, पाडवा, एखादा पाहुणा, एवढेच त्याचे प्रसंग. एरवी ज्वारी, बाजरी, कोकणात तांदूळ आणि नाचणी. १९७२ च्या दुष्काळाची आठवण निघाली तर तीही येऊ द्यावी. दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्यांना मिळालेली सुकडी आणि अमेरिकेतून आलेली तांबडी मिलो ज्वारी यांच्या गोष्टी अजून अनेक घरांत सांगितल्या जातात. पुस्तकात त्या सापडतीलच असे नाही.

या प्रश्नाचा लाभ असा की गरीब आणि सधन या दोन्ही घरांतून जवळजवळ सारखे उत्तर येते. ज्या मुलाच्या डब्यात आज पोळी आहे त्याचे आजोबाही भाकरीवरच वाढले, हे वर्गाला कोणी न सांगता कळते. नंतर फळ्यावर ‘भाकरी’ हा शब्द शिक्षकाने सर्वांत वर आणि ठळक लिहावा.

धान्यापासून आरंभ

पाठासाठी ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, तूरडाळ, हरभराडाळ आणि मटकी यांचे मूठमूठभर नमुने पुरेत. दुकानातून आणल्यास खर्च अत्यल्प होतो. ते मुलांच्या हाती द्यावेत, ओळखू द्यावेत, चावून पाहू द्यावेत. मग आकडे सांगावेत, कारण आकड्यांपुढे पोळीची मिजास टिकत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या कोष्टकांनुसार १०० ग्रॅम बाजरीत सुमारे ६.४ मिलिग्रॅम लोह असते आणि ज्वारीत सुमारे ४. सडलेल्या पांढऱ्या तांदळात ते एक मिलिग्रॅमही नसते. नाचणीत चुना, म्हणजे कॅल्शियम, ३६४ मिलिग्रॅम आहे, तर त्याच तांदळात दहाच्याही आत. हे आकडे मुलांनी पाठ करण्याची आवश्यकता नाही. त्यांचे स्तंभ वहीवर काढावेत म्हणजे पुरे. बाजरीचा उंच स्तंभ मुलांच्या डोळ्यांपुढून सहसा जात नाही.

येथे एक सावधगिरी हवी. भाकरीची थोरवी सांगताना “ठेचा-भाकरी हेच पूर्ण अन्न” असे शिक्षकाने चुकूनही म्हणू नये. ते खरे नव्हे, आणि नाइलाजाला भूषण म्हणणे हीही एक प्रकारची क्रूरताच होय. धान्याच्या प्रथिनात लायसिन नावाचा घटक कमी पडतो. तो डाळींत विपुल असतो. डाळीत जो मेथिओनिन कमी असतो तो धान्यातून मिळतो. म्हणून भाकरीबरोबर पिठले, भाताबरोबर वरण, खिचडीत डाळ. ही जोडी रसायनशास्त्र जन्मास येण्यापूर्वीच आपल्या चुलींनी जमविली होती. जेथे डाळ परवडत नाही तेथे चमचाभर शेंगदाण्याची, जवसाची किंवा कारळाची चटणीही उपयोगी पडते. वर लिंबाची फोड पिळली तर धान्यातील लोह शरीरात अधिक शोषले जाते. याउलट जेवणाला लागून घेतलेला चहा ते शोषण कमी करतो. सकाळी चहात बुडवून चपाती खाऊन येणारी मुले प्रत्येक वर्गात असतात. त्यांना दोष न देता ही गोष्ट पालकसभेत, आयांच्या समक्ष सांगावी.

मटकी भिजत घालून ओल्या फडक्यात बांधून ठेवावी. तिसऱ्या दिवशी मोड आलेले दिसतात. मोड येताना कडधान्यात क जीवनसत्त्व वाढते, हे दाखविण्यास यापरते स्वस्त साधन नाही.

शिदोरी आणि डबा

शेतावर जाणाऱ्याची शिदोरी हा विज्ञानाचा उत्तम पाठ आहे. पिठले पातळ असते, झुणका कोरडा. शिदोरीत झुणकाच का बांधीत, हे मुलांना विचारावे. सांडण्याचे कारण ती लगेच सांगतील. पाणी कमी असलेला पदार्थ लवकर आंबत नाही, हे दुसरे कारण त्यांच्याकडून काढून घ्यावे. बाजरीचे पीठ फार दिवस का साठवीत नाहीत? त्यातील स्निग्धांश लवकर खवट होतो आणि भाकरी कडू लागते. म्हणून थोडे थोडे दळून आणण्याची रीत. घरोघरी आयांना हे ठाऊक असते, पण आई जे जाणते तेही विज्ञानच, असे मुलांना शाळेत क्वचितच ऐकावयास मिळते.

डब्याच्या ओघात मुंबईच्या डबेवाल्यांची माहिती अवश्य द्यावी. सुमारे १८९० मध्ये महादू हावजी बच्चे यांनी सुरू केलेल्या या व्यवसायातील बहुसंख्य माणसे मावळ, मुळशी, खेड, आंबेगाव, जुन्नर या पुणे जिल्ह्यातील खेड्यांतून गेलेली. डब्याच्या झाकणावरील रंग, अक्षरे आणि आकडे यांच्या खुणेवरून घरचा डबा बरोबर त्या माणसाच्या हाती पडतो. वर्गात दहा रिकामे डबे घेऊन अशी खूणपद्धती मुलांना रचू द्यावी. नकाशा, दिशा आणि संख्या यांचा एकाच खेळात सराव होतो. ज्यांच्या घरून डबा येण्याची सोय नव्हती अशा गिरणगावातील कामगारांची भूक खानावळींनी भागविली. त्या चालविणाऱ्या स्त्रियांना संघटित करण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले.

पंगत

सणावारी, लग्नात, उरुसात घराबाहेर जेवणे हा खेड्यातील मुलांचा मोठा आनंद. अलीकडे वाढदिवसास तालुक्याच्या गावी ढाब्यावर किंवा हॉटेलात जाण्याची चालही खेड्यांत पोहोचली आहे. तथापि ‘आम्ही हॉटेलात जेवलो’ हा विषय निबंधास देऊ नये, कारण निम्मा वर्ग कोरी वही देईल किंवा पुन्हा कल्पित वरण-भातच लिहील. ‘मी वाढलेली पंगत’ किंवा ‘आमच्या गावचे गावजेवण’ असा विषय सर्वांना लिहिता येतो.

पुस्तकी ताटात मीठ, लिंबू, चटणी व कोशिंबीर डावीकडे आणि भाजी, आमटी उजवीकडे असते. मांडणी सोयीची आहे, पण सबंध महाराष्ट्राचे ताट ते नव्हे. खानदेशात वरण-बट्टी आणि घोटलेली वांग्याची भाजी असते; विदर्भात रोडगे; कोल्हापूरकडे जत्रेला तांबडा-पांढरा रस्सा; कोकणात वडे-सागोती. मांसाहाराचे नाव काढताना काही शिक्षक आवाज खाली घेतात. मुले तो उतरलेला आवाज अचूक टिपतात.

पंगतीचा इतिहासही निर्मळ नाही. कोण कोणाच्या पंक्तीस बसेल यावर या देशात शतकानुशतके माणसाची किंमत ठरली. बालपणी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना वर्गात वेगळे, स्वतःच्या तरटावर बसावे लागले आणि पाण्याच्या नळाला स्वतः हात लावण्याची मुभा नव्हती, हे त्यांनी लिहून ठेवले आहे. समतानंद अनंत हरी गद्रे यांनी जातिभेद मोडण्यासाठी सहभोजने घडविली तेव्हा पक्वान्न निवडले नाही, झुणका-भाकर निवडली. चौथीच्या मुलांना हे समजते. ते सांगण्यास भिण्याचे कारण नाही.

शाळेतील दुपारचे जेवण ही आजच्या गावातील रोजची पंगत होय. १५ ऑगस्ट १९९५ रोजी केंद्राची योजना सुरू झाली तेव्हा बहुतेक ठिकाणी महिन्याकाठी ३ किलो धान्य घरी दिले जाई. २८ नोव्हेंबर २००१ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर शिजविलेले अन्न देण्यास राज्ये बांधली गेली. प्राथमिक वर्गातील मुलामागे १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल असे प्रमाण ठरले. यावरून गणित घालावे. पटावर ४२ मुले हजर असतील तर तांदूळ ४ किलो २०० ग्रॅम, डाळ ८४० ग्रॅम, भाजी २ किलो १०० ग्रॅम, तेल २१० ग्रॅम. मुलांनी स्वयंपाकघरातील तराजूवर हे प्रत्यक्ष तोलून पाहावे. डाळ तोलली जात असताना पाहणारे डोळे जितके अधिक तितके बरे.

परंतु या पंगतीतही एक नवी भेग पडू लागली आहे. घरून डबा आणणारी मुले व्हरांड्याच्या एका टोकास बसतात आणि खिचडी घेणारी दुसऱ्या टोकास. कोणी तसे सांगितलेले नसते, आपोआप घडते, आणि आपोआप घडते म्हणूनच ते कोणाच्या नजरेस येत नाही. उपाय साधा आहे : हजेरीच्या क्रमाने एकच ओळ, मुलगे-मुली मिसळून, डबा असो वा ताट. अन्न वाढण्यापूर्वी शिक्षकाने चव घेण्याचा नियम आहेच. चव घेऊन उठून न जाता त्याच ओळीत बसून जेवावे आणि अधूनमधून स्वतःच्या डब्यात भाकरी आणावी. एका शाळेत असे केल्यावर पहिले कित्येक दिवस काहीच बदलले नाही. झाकणे अर्धीच राहिली. पुढे एका दुपारी एका मुलाने गुरुजींना विचारले, “गुरुजी, तुमची भाकरी जाड कशी?” आणि शेजारच्या मुलीने आपली पातळ भाकरी झाकणाबाहेर काढून दाखविली.

वाढण्याची पाळी मुलगे आणि मुली दोघांस द्यावी, आणि वाढणाऱ्यांचा वाटा आधी काढून ठेवण्याचा परिपाठ ठेवावा. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. त्याची कारणे अनेक आहेत, पण सर्वांना वाढून उरेल ते खाण्याची रीत त्यांतील एक आहे. वाढणाऱ्याचा वाटा आधी निघतो हे शाळेत रोज पाहणारे मूल घरी एखादे दिवशी विचारते, “आई, तुझं काढून ठेवलंस का?”

पाठ शक्यतो पौष-माघात, रब्बीची ज्वारी उभी असताना घ्यावा. शेत जवळ असल्यास मुलांना कणीस पाहता येते. जेथून ऊसतोडीस गेलेली कुटुंबे त्या वेळी बाहेर असतात, तेथे ती मुले परतल्यावर पाठाचा आरंभीचा भाग पुन्हा घ्यावा. पाचटाच्या खोपीपुढील तीन दगडांच्या चुलीविषयी त्यांच्याइतके कोणास ठाऊक नसते. मात्र ती आपण होऊन सांगतील तेव्हाच ऐकावे. धान्याचे नमुने झाकणाच्या बाटल्यांत, सुकविलेला कडुनिंबाचा पाला घालून ठेवावेत, म्हणजे पुढील वर्षी टोके पडलेली ज्वारी मुलांपुढे ठेवण्याची वेळ येत नाही.