फोटोत कडेची माणसं का कापली जातात? पेपर साइज आणि कॅमेऱ्याचं गणित



मागच्या व्हिडिओत आपण फोटो प्रिंटिंगच्या दुकानासाठी प्रिंटर कसा निवडायचा ते बघितलं. आज पेपरबद्दल बोलू. ग्लॉसी की मॅट, किती जीएसएम, ते पुन्हा कधीतरी. आज फक्त साइज. नवीन दुकानदाराचा पेपर सगळ्यात जास्त इथेच वाया जातो. आणि व्हिडिओत आकडे भराभर निघून जातात, म्हणून लिहून देतेय.

आधी माझाच घोळ सांगते. दुकान सुरू करून दुसराच महिना होता. जवळच्या एका शाळेत मुख्याध्यापकांचा निरोप समारंभ झाला. ग्रुप फोटो बाहेरच्या फोटोग्राफरने डीएसएलआरवर काढलेला. शाळेतले एक सर पेनड्राइव्ह घेऊन आले. ३२ कॉप्या हव्या होत्या, सगळ्या ८ बाय १०, कारण फ्रेमा आधीच घाऊक भावात घेऊन ठेवल्या होत्या. मी फाईल उघडली, साइज टाकली, 'फिल'वर क्लिक केलं. कागद काठोकाठ भरला. छान दिसतंय म्हणून ३२ च्या ३२ काढून, कटरवर कापून, गठ्ठा बांधून ठेवला.

संध्याकाळी सर आले. वरची प्रिंट हातात घेतली, जरा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "ताई, आमचे शिपाई मामा कुठे गेले?"

मामा डाव्या टोकाला उभे होते. प्रिंटमध्ये त्यांचा फक्त खांदा आलेला. उजव्या टोकाच्या मॅडमचा अर्धा चेहरा. आणि नंतर कळलं की मामाही त्याच वर्षी रिटायर होणार होते. शाळेत इतकी वर्षं घंटा वाजवलेला माणूस, आणि निरोपाच्या फोटोत मी त्यांना कापून टाकलं. सर चिडले नाहीत. चिडले असते तर बरं वाटलं असतं.

मी बीबीए केलंय. कॉस्टिंग, मार्केटिंग, सगळं शिकले. पण ३ ला २ ने भागलं आणि १० ला ८ ने भागलं तर उत्तर वेगळं येतं, हे दुकानात लक्षात आलं नाही. सगळा विषय एवढाच आहे.

फोटोची लांब बाजू भागिले आखूड बाजू, एवढंच करायचं. जो आकडा येईल त्याला मी फोटोचा 'नंबर' म्हणते. डीएसएलआर आणि बहुतेक मिररलेस कॅमेऱ्यांचा फोटो ३:२, म्हणजे नंबर १.५. हा आकार जुन्या ३५ एमएम रोलवरून आला. त्या फिल्मवर एक फोटो ३६ बाय २४ मिलिमीटरचा असायचा. मोबाईलचा फोटो, तुम्ही सेटिंग बदललं नसेल तर, ४:३, म्हणजे १.३३. व्हिडिओतून काढलेला स्क्रीनशॉट १६:९, म्हणजे १.७८. आता पेपर बघा. ४ बाय ६ चा नंबर १.५. ५ बाय ७ चा १.४. ६ बाय ८ चा १.३३. ८ बाय १० चा १.२५. ८ बाय १२ आणि १२ बाय १८ दोन्ही पुन्हा १.५. ए४ चा १.४१.

फोटोचा नंबर आणि पेपरचा नंबर सारखा, तर काही कापलं जात नाही. फोटोचा नंबर मोठा असेल तर लांब बाजूची टोकं जातात. आडव्या ग्रुप फोटोत टोकं म्हणजे कडेची माणसं. फोटोचा नंबर छोटा असेल तर आखूड बाजूकडून कापलं जातं, म्हणजे आडव्या फोटोत वरची डोकी नाहीतर खालचे पाय. उभ्या फोटोत हेच उलटं समजायचं.

माझ्या केसमध्ये १.५ चा फोटो मी १.२५ च्या पेपरवर कोंबला. ८ इंच उंची भरायची तर फोटो १२ इंच लांब होतो, आणि पेपर १० इंचच. दोन्ही बाजूंनी एकेक इंच गेला. १२ पैकी २, म्हणजे फोटोचा सहावा भाग! ग्रुप फोटोत एवढ्या जागेत दोन-तीन माणसं सहज उभी असतात.

रोजच्या धंद्यात मात्र डीएसएलआर कमी आणि मोबाईल जास्त. गिऱ्हाईक मोबाईल पुढे करतं आणि म्हणतं, "मोठा नको, साधा फोटो काढून द्या." साधा म्हणजे ४ बाय ६. मोबाईलचा फोटो ६ इंच रुंद केला तर उंची लागते साडेचार, पेपर आहे ४. अर्धा इंच गेला, म्हणजे साधारण ११ टक्के. बाळाचा फोटो असेल तर चालून जातं, आजूबाजूला मोकळी जागा असते. पण लग्नातल्या फोटोत मागच्या ओळीतल्या काकांचा फेटा जातो. ५ बाय ७ वर हाच फोटो ५ टक्क्यांच्या आत कापला जातो. म्हणून मोबाईलवरचा गच्च भरलेला फोटो असेल तर मी आधी ५ बाय ७ सुचवते. गिऱ्हाइकाचा फोटो नीट येतो, आपल्यालाही चार पैसे जास्त मिळतात. ६ बाय ८ चा रोल चालणारा डाय-सब प्रिंटर तुमच्याकडे असेल तर प्रश्नच मिटला, कारण ६ बाय ८ म्हणजे नेमका मोबाईलचा आकार. तोच पेपर मध्ये कापला की ४ बाय ६ चे दोन होतात.

ए४ ची गंमत आहे. तो मोबाईल आणि डीएसएलआर यांच्या बरोबर मधोमध बसतो. दोघांचेही फोटो त्यावर सारखेच, पावणेसहा टक्क्यांच्या आसपास कापले जातात. दुकानात एकच मोठा पेपर ठेवायचा असेल तर ए४ ठेवा. पण एक सापळा लक्षात घ्या. ए४ आहे ८.२७ बाय ११.६९ इंच. त्यातून ८ बाय १० निघतो, ८ बाय १२ निघत नाही! वरवर बघता निघेल असंच वाटतं आणि आपण ऑर्डर घेऊन बसतो. ८ बाय १२ साठी १२ बाय १८ चा पेपर लागतो. त्यातून दोन निघतात, वर २ इंचांची पट्टी उरते.

आता, साइज जुळत नसेल तर करायचं काय? एक गोष्ट कधीच करू नका: फोटो ओढून ताणून बसवणं. नवीन मुलं हमखास करतात. चेहरे फुगतात, आणि नक्की काय बिघडलंय हे गिऱ्हाइकाला सांगता आलं नाही तरी ते परत येत नाही. मग राहतात दोन रस्ते. एक, हाताने क्रॉप करा. 'फिल' मधोमध कापतो, तुम्ही फ्रेम वर-खाली सरकवून डोकी वाचवू शकता. दोन, पूर्ण फोटो घ्या आणि पांढरी जागा राहू द्या.

त्या रात्री मी दुसरा रस्ता धरला. ८ बाय १० च्या पेपरवर १० इंच रुंद फोटो घेतला, उंची झाली ६.६७ इंच. १.३३ इंच उरला. फोटो थोडा वर सरकवला आणि खाली शाळेचं नाव, समारंभाची तारीख टाकली. फ्रेमा तशाच वापरता आल्या. सरांना ते आधीपेक्षा आवडलं. पण हिशेब बघा: ५० रुपयांप्रमाणे १६०० ची ऑर्डर. पेपर-शाईचा खर्च तेव्हा नगाला २० रुपये, म्हणजे ६४०. दोनदा काढल्याने १२८०. हातात राहिले ३२०, त्यात रात्री एकपर्यंत जागरण. मामांची कॉपी मी वेगळी, मोठी काढून दिली, त्याचे पैसे अर्थातच लावले नाहीत.

ही पांढरी पट्टी पुढे माझ्या दुकानात चांगली चालली. मोबाईलचा फोटो ४ बाय ६ वर पूर्ण घेतला की ०.६७ इंच उरतो. तिथे बारशाला बाळाचं नाव, वाढदिवसाला तारीख. नगामागे ५ रुपये जास्त घेते, कोणी घासाघीस करत नाही.

काउंटरवर आता माझी पद्धत ठरलेली आहे. फोटो कशावर काढलाय आणि फ्रेम आधी घेतलीय का, हे मी पैसे घेण्याआधी विचारते. फोटो व्हॉट्सॲपवरून येणार असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगते, नाहीतर आकार जुळूनही प्रिंट मऊ येते. मग क्रॉप केलेला फोटो स्क्रीनवर दाखवते आणि कडेच्या माणसांवर बोट ठेवून विचारते, "हे सगळे आलेत ना?" दहापेक्षा जास्त कॉप्या असतील तर पहिली प्रिंट हातात देते, हो म्हटल्याशिवाय दुसरी काढत नाही. बॉर्डरलेसमध्ये प्रिंटर फोटो किंचित मोठा करतो, त्यामुळे नंबर जुळला तरी कडेचे दोन-तीन मिलिमीटर जातात. ते स्क्रीनवर दिसत नाही, पहिल्या प्रिंटवर दिसतं.

पासपोर्ट फोटोला यातलं काही लागत नाही. ३५ बाय ४५ मिलिमीटरचे आठ फोटो ४ बाय ६ वर नीट बसतात, टेम्प्लेट एकदा बनवून ठेवा.

आज दुकान बंद करण्याआधी एक करून बघा. मोठ्या कागदावर डावीकडून उजवीकडे १ ते ९ आकडे लिहा, वरच्या कडेला 'वर', खालच्या कडेला 'खाली' लिहा. कागद फ्रेममध्ये काठोकाठ बसेल असा मोबाईलवर एक फोटो काढा, मिळाला तर कॅमेऱ्यावरही एक. दोन्ही फोटो ४ बाय ६, ५ बाय ७ आणि ८ बाय १० वर 'फिल' करून काढा. कोणत्या पेपरवर १ आणि ९ गायब होतात, कुठे 'वर' अर्धा होतो, ते दिसेल. त्या सहा प्रिंट काउंटरच्या काचेखाली ठेवा. गिऱ्हाइकाला समजावताना माझ्या त्याच उपयोगी पडतात.