कव्हरावरून भिंतीवर

१. पोस्टर हातात आलं की आधी कागद बघावा, चित्र नंतर. मी भिंगाशिवाय बाजारात जात नाही. मूळ ऑफसेट छपाईत रंगांचे ठिपके स्वच्छ, सुटे दिसतात. छापील कव्हर स्कॅन करून काढलेल्या प्रतीत ठिपक्यांच्या एका जाळीवर दुसरी बसते. मग गालांवर, मोकळ्या आकाशावर लाटांसारखी नक्षी उमटते आणि बारीक अक्षरांच्या कडा फुटतात. चोर बाजारातसुद्धा पोस्टर दुकानाबाहेरच्या उजेडात आणून बघावं. जाणता दुकानदार नाही म्हणत नाही.

२. घडीला नाक मुरडू नये. १९६७ साली बॉब डिलनच्या ‘ग्रेटेस्ट हिट्स’सोबत मिल्टन ग्लेसरचं पोस्टर आलं: काळी आकृती, केसांत रंगांचे प्रवाह. कव्हरात मावावं म्हणून ते घडी घालूनच दिलेलं होतं. ‘द डार्क साइड ऑफ द मून’मधलं (१९७३) पिरॅमिडांचं पोस्टरही तसंच. अशा पोस्टरची गुळगुळीत प्रत कुणी ‘रेकॉर्डमधलीच’ म्हणून पुढे केली, तर मी घेत नाही.

३. जिमी हेंड्रिक्सचं ‘ॲक्सिस: बोल्ड ॲज लव्ह’ (१९६७) आपल्या माणसाने तरी सावकाश बघावं. देवघरातल्या तसबिरीत असतं तसं विष्णूचं विश्वरूप, आणि त्यात हेंड्रिक्स व त्याच्या दोन साथीदारांचे चेहरे. भारतात छापलेल्या देवाच्या चित्रावरूनच ते केलेलं होतं. हेंड्रिक्सला ते पटलं नाही. त्याला स्वतःच्या मूळ अमेरिकी वंशाशी नातं सांगणारं काही हवं होतं. त्याचं म्हणणं रास्तच होतं. तरीही आपल्या कॅलेंडरांतले ते भडक गुलाबी-निळे रंग रॉकच्या कव्हरावर एवढ्या दिमाखात बघताना माझा ऊर भरून येतो. या पोस्टरात रंग फिके असतील तर ते घेऊच नये.

४. चित्रात फेरफार केलेली प्रत भिंतीवर लावू नये. ‘ॲबी रोड’चा फोटो इयन मॅकमिलनने ८ ऑगस्ट १९६९ रोजी रस्त्यात शिडीवर चढून काढला. पुढे अमेरिकेतल्या काही पोस्टरांवरून पॉल मॅकार्टनीच्या हातातली सिगारेट पुसली गेली. सिगारेट वाईटच, पण तो क्षण तिच्यासकट घडला होता.

५. लॅमिनेशन नको, सेलोटेप तर नकोच. आम्लविरहित माउंट घ्यावा, काच कागदाला टेकू देऊ नये. उन्हाने आधी लाल आणि पिवळा उडतो. पावसाळ्यात ओल धरणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर फ्रेम टांगू नये, आणि गणपतीच्या सुमारास एकदा उतरवून मागची बाजू कसरीसाठी तपासावी.