दिवे पिवळे पडतात, आळ मात्र समुद्रावर

प्रश्न : आमची गाडी बारा वर्षांची आहे. इंजिन ठणठणीत, पण पुढचे दोन्ही दिवे पिवळट, दुधाळ झालेत. रात्री हातखंब्याच्या पुढे रस्ता धड दिसत नाही. गॅरेजवाले म्हणतात, खारी हवा आहे, रत्नागिरीत हे असंच व्हायचं. धाकटा भाऊ म्हणतो, टूथपेस्टने घास, लख्ख होतील. कोणाचं खरं? आणि बाबांच्या वेळच्या गाड्यांचे दिवे कसे पिवळे पडत नसत?
– एक वाचक, नाचणे, रत्नागिरी

उत्तर : शेवटचा प्रश्न आधी घेतो, म्हणजे बाकीचं आपोआप सुटेल. अँबॅसडर आणि पद्मिनीच्या दिव्यांवर खरीखुरी काच असायची. काचेला उन्हाचं काही सोयरसुतक नसतं. रत्नदुर्गावरच्या दीपगृहाची भिंगं समुद्राच्या तोंडावर असूनही पिवळी पडत नाहीत, ती त्याचमुळे. तुमच्या गाडीच्या दिव्यावर मात्र पॉलिकार्बोनेट हे पारदर्शक प्लॅस्टिक आहे. जर्मनीत बायर कंपनीतल्या हेरमान श्नेल यांनी आणि अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमधल्या डॅनियल फॉक्स यांनी ते १९५३ साली जवळजवळ एकाच वेळी, एकमेकांना पत्ता नसताना बनवलं. अमेरिकेत १९४०पासून मोटारीला ठरावीक मापाचा, सीलबंद, काचेचाच दिवा लावायचा असा दंडक होता. तो १९८३ साली सैल झाला आणि पुढच्याच वर्षीच्या लिंकन मार्क सेव्हन या गाडीवर प्लॅस्टिकचे, हवे त्या आकाराचे दिवे आले. पुढे जगभरात तीच रीत पडली.

कंपन्यांनी हे केवळ दिखाव्यासाठी केलं नाही. पॉलिकार्बोनेट वजनाला काचेच्या निम्मंच भरतं, पुढच्या ट्रकच्या चाकाखालून उडालेला खडा त्यावर आदळला तरी फुटत नाही आणि साच्यात घालून त्याला कसाही बाक देता येतो. त्याचा सर्वांत मोठा शत्रू एकच आहे, आणि तो समुद्र नव्हे.

तो सूर्य. उन्हातल्या अतिनील किरणांनी पॉलिकार्बोनेटच्या लांबलचक रेणूंच्या साखळ्या तुटतात आणि भलत्याच पद्धतीने पुन्हा जुळतात. या नव्या जुळणीतून तयार होणारे पदार्थ प्रकाशातला निळा भाग शोषून घेतात. निळा गेला की उरलेला प्रकाश पिवळा दिसतो. हे होऊ नये म्हणून कारखान्यातच दिव्यावर अतिनील किरण अडवणारा, ओरखड्यांना टिकणारा कडक लेप देतात. त्याची जाडी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास. काही वर्षं तो इमानाने राखण करतो. मग त्याला डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा पडतात, पापुद्रे सुटतात आणि खालचं प्लॅस्टिक उघडं पडतं. पिवळेपणा येतो तो उघड्या पडलेल्या प्लॅस्टिकला. दुधाळपणा येतो लेपाच्या भेगांमुळे आणि ओरखड्यांमुळे. तुमच्या दिव्यांना दोन्ही झालंय.

आता रत्नागिरीचं ऊन बघा. आपण साधारण १७ अक्षांशावर आहोत. मे महिन्यात शून्य सावलीचा दिवस येतो, तेव्हा भरदुपारी सूर्य अगदी डोक्यावर असतो. ऑगस्टच्या सुरुवातीला तो पुन्हा येतो, पण तेव्हा ढगांमुळे आपल्याला तो कळतही नाही. सूर्य जितका माथ्यावर, तितका किरणांचा हवेतला प्रवास कमी आणि अतिनील मारा जास्त. जून ते सप्टेंबर पावसाची छत्री असते, हे खरं. पण बाकीचे आठ महिने अंगणात पश्चिमेकडे तोंड करून उभ्या असलेल्या गाडीला कोण वाचवणार? मुंबईकराची गाडी सोसायटीच्या तळघरात असते आणि तुमची उघड्यावर. खात्री करायची असेल, तर आळीतल्या एकाच वयाच्या दोन गाड्या बघा, एक पत्र्याच्या शेडमधली आणि एक शेडबाहेरची. हवा दोघींना सारखीच खारी मिळालेली असते.

म्हणून गॅरेजवाल्यांचं अगदीच खोटं आहे असंही नाही. मीठ पॉलिकार्बोनेटला पिवळं करत नाही, पण ते आणि वाऱ्याबरोबर येणारी बारीक वाळू दिव्यावर बसते. त्यात आपल्याकडे जांभ्याची लाल धूळ. सकाळी घाईने कोरड्या फडक्याने दिवा पुसला, की हे सगळं लेपावर घासलं जातं. आधी पाण्याने धुवा, मग पुसा. आणि धुण्याच्या सोड्याने किंवा कपड्यांच्या कडक पावडरीने गाडी धुऊ नका. त्यांतली अल्कली पॉलिकार्बोनेटला खरोखरच खाते. खाऱ्या दमट हवेचा दुसरा उपद्व्याप दिव्याच्या मागच्या बाजूला चालतो. होल्डरचे टर्मिनल आणि अर्थिंगची वायर गंजते, बल्बला पुरता करंट पोचत नाही आणि दिवा मंद जळतो. आपल्याकडच्या कितीतरी मंद दिव्यांमागे हेच कारण असतं, आणि मालक मात्र बाहेरून घासत बसतो. तेव्हा दिव्याला हात लावण्याआधी इलेक्ट्रिशियनला दाखवून घ्या.

त्यानंतर एक सोपी परीक्षा. दिव्यावर पाणी ओता. पाण्याखाली दिवा स्वच्छ दिसला आणि वाळल्यावर पुन्हा दुधाळ झाला, तर दोष बाहेरच्या पृष्ठभागावर आहे आणि तो निघेल. पाणी भेगांमध्ये भरून प्रकाशाचं विखुरणं तात्पुरतं कमी करतं, म्हणून हा चमत्कार दिसतो. पावसाळ्यात पोर्चबाहेर भिजत उभ्या असलेल्या गाडीचे दिवे बरे वाटतात आणि दुरुस्ती दिवाळीपर्यंत ढकलली जाते, तीही याच भ्रमातून. पाणी ओतूनही धुरकटपणा जात नसेल, तर तो बहुधा आतून आहे. त्यावर बाहेरच्या घासण्याचा काही उपयोग नाही.

टूथपेस्टकडे येऊ. भाऊ चुकत नाही, तिने फरक पडतो. तिच्यात सिलिका किंवा खडूसारखी बारीक, खरखरीत भुकटी असते, आणि ती वरचा थर थोडा घासून काढते. पण घासताना लेपाचे उरलेसुरले तुकडेही जातात. दिवा चकाकतो, शेजारी कौतुक करतात, आणि प्लॅस्टिक उन्हात पूर्ण उघडं राहतं. काही आठवड्यांत किंवा महिन्यांत ते पुन्हा पिवळं पडतं. ज्या दुरुस्तीत शेवटी नवा संरक्षक लेप नाही, ती दुरुस्ती नव्हे, असं माझं स्पष्ट मत आहे. मग ती टूथपेस्टची असो की चौकातल्या बफिंग मशिनची.

डास पळवणारा स्प्रे मारून दिवे लख्ख करायची एक करामत फोनवर फिरत असते. त्यातलं डीट हे रसायन प्लॅस्टिक विरघळवतं, म्हणून क्षणभर चकाकी येते. पेट्रोल आणि थिनरही तसेच. त्यांनी पॉलिकार्बोनेटला बारीक तडे जातात. हल्ली एका कपात द्रव तापवून त्याची वाफ दिव्यावर सोडणारे किट मिळतात. त्यात बहुतेक वेळा डायक्लोरोमिथेन किंवा क्लोरोफॉर्म असतं. वाफेने वरचा थर वितळून गुळगुळीत होतो आणि दिवा नव्यासारखा दिसतो. पण अतिनील किरणांपासून संरक्षण शून्य, पुढे तडे जाण्याची भीती, आणि ती वाफ माणसाच्या फुप्फुसांना घातक. बंद गॅरेजात तर हा खेळ मुळीच नको.

योग्य पद्धत कंटाळवाणी आहे. दिव्याभोवतीच्या रंगाला मास्किंग टेप लावा. ८०० नंबरच्या वॉटर पेपरने सुरुवात करा. पापुद्रे सुटलेले असतील तर ४०० किंवा ६००ने. सतत पाणी मारत राहायचं. मग १५००, २०००, ३०००, आणि प्रत्येक नंबरला घासण्याची दिशा बदलायची, म्हणजे आधीच्या कागदाचे ओरखडे राहिलेत का ते कळतं. पहिल्या कागदानंतर दिवा आधीपेक्षा वाईट, पांढराफट्ट दिसेल. इथेच बहुतेकांचा धीर सुटतो आणि ते मधले नंबर गाळून थेट पॉलिशला लागतात. सुरुवातीला निघणारं पाणी पिवळट असतं. ते पांढरं यायला लागलं की खराब थर संपला. पिवळेपणा वरच्या अगदी पातळ थरातच असतो, म्हणून हे सगळं जमतं. शेवटी रबिंग कंपाउंड, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसणं, आणि मग पॉलिकार्बोनेटला चालणारा, अतिनील किरण रोखणारा क्लिअर कोट. दोन घटकांचा कोट जास्त टिकतो, पण त्यात आयसोसायनेट असतं. योग्य मास्कशिवाय तो फवारू नये. डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडून करून घेणार असाल, तर काम सुरू व्हायच्या आधी एवढंच विचारा : शेवटी कोणता कोट मारणार? उत्तर ‘वॅक्स’ असेल, तर काही आठवड्यांचंच काम समजा.

वेळ मात्र निवडा. श्रावणात हे करू नका. दमट हवेत क्लिअर कोट पांढरट पडतो आणि सगळी मेहनत वाया जाते. दसऱ्यानंतर हवा कोरडी झाली, की सकाळी दव उडाल्यावर करावं.

एवढा खटाटोप कशाला, असं वाटत असेल तर अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनने २०१८ साली केलेली चाचणी सांगतो. जुने, धुरकट दिवे नव्याच्या जेमतेम एक पंचमांश प्रकाश देत होते. घासून-पुसून दुरुस्त केल्यावर तो सुमारे ७० टक्क्यांवर आला. राहिलेला प्रकाश नुसता वाया जात नाही, तो वाट्टेल तिकडे पसरतो. जुन्या काचेवर उभ्या खाचा असत, त्या प्रकाशाला वळण लावायच्या. आता ते काम आतला रिफ्लेक्टर करतो आणि पुढचं आवरण निव्वळ स्वच्छ असावं लागतं. ते दुधाळ झालं, की आंबा घाटात धुक्यात समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर तुमचा लो बीमही येतो. म्हणून धुरकट दिव्यात जास्त वॅटचा बल्ब किंवा बाजारातला एलईडी बसवणं हा सर्वांत वाईट उपाय. रस्त्यापेक्षा समोरचाच जास्त उजळतो, आणि जास्त वॅटच्या बल्बच्या उष्णतेने होल्डरही वितळू शकतो.

आणखी तीन वर्षांनी तुमच्या गाडीला पंधरा वर्षं होतील. तेव्हा नोंदणीच्या नूतनीकरणासाठी ती आरटीओला दाखवावीच लागेल, आणि त्या तपासणीत पुढचे दिवेही बघतात. धुरकटपणा आतून असेल, आवरणाला तडे गेले असतील किंवा रिफ्लेक्टरची चकाकी उडाली असेल, तर घासण्यात वेळ न घालवता अख्खा दिवा बदला. बदलाल तर जोडीने बदला, नाहीतर एक पांढरा आणि एक पिवळा अशी गाडी मिरवावी लागेल. नव्या दिव्यांवर पहिल्याच आठवड्यात पारदर्शक संरक्षक फिल्म चढवून घ्या. ती पिवळी पडली की सोलून दुसरी लावता येते.