घटक ७ : जलप्रवासाचे अनुभव आणि अभिप्राय : एक भाषिक वाचन

७.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अध्ययनानंतर आपणांस पुढील गोष्टी करता येतील :
• प्रवासपर लेखनातील वस्तुस्थिती, अनुभव आणि अभिप्राय यांतील भेद ओळखणे.
• नदीतील व समुद्रातील पर्यटन-सफरींविषयीची मते परस्परविरोधी का असतात, याची कारणे सांगणे.
• मराठीतील अनुभवदर्शक वाक्यरचनांचे कार्य स्पष्ट करणे.
• स्वतःचा अभिप्राय जबाबदारीने लिहिणे.

७.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण प्रवासवर्णन या वाङ्मयप्रकाराची लक्षणे पाहिली. प्रस्तुत घटकात त्याच प्रकाराच्या एका साध्या, व्यवहारातील रूपाकडे वळावयाचे आहे. ते रूप म्हणजे प्रवासाहून परतलेल्या व्यक्तीचा अभिप्राय. त्याला साहित्याचा दर्जा असतोच असे नाही. परंतु त्याचा परिणाम मोठा असतो. निवृत्तीनंतर मिळालेल्या रकमेतून एखादे दांपत्य नाईल नदीची सफर करावयाचे ठरवते, ते पुष्कळदा अशा अभिप्रायांच्या भरवशावर. जहाजावर खोली आवरणाऱ्या किंवा ताट वाढणाऱ्या कर्मचाऱ्याच्या पुढील नेमणुकीच्या वेळीही प्रवाशांनी लिहिलेली मते विचारात घेतली जाऊ शकतात. म्हणून असे लेखन वाचणे आणि लिहिणे हे दोन्ही भाषेच्या अभ्यासकाने गंभीरपणे घेण्याजोगे काम आहे.

या घटकातील उदाहरणवाक्ये केवळ अभ्यासासाठी रचलेली आहेत.

७.३ विषय-विवेचन

७.३.१ प्रवास, सफर आणि क्रूझ

आरंभी शब्दांकडे पाहू. ‘प्रवास’ हा संस्कृत शब्द ‘वस्’ म्हणजे राहणे या धातूपासून आला आहे. घरापासून दूर राहणे हा त्याचा मूळ अर्थ. ‘सफर’ हा शब्द अरबीतून फारसीमार्गे मराठीत आला. ‘क्रूझ’ या इंग्रजी शब्दाचे मूळ डच भाषेतील ओलांडणे, आडवेतिडवे फिरणे या अर्थाच्या क्रियापदात आहे. पाण्यावर इकडून तिकडे फिरत राहणे या अर्थात ठरावीक ठिकाणी पोहोचण्याची निकड नाही.

हा भेद महत्त्वाचा आहे. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये केलेल्या इंग्लंडच्या प्रवासाचे वर्णन त्याच वर्षी मराठीत प्रसिद्ध झाले. त्या काळी समुद्र ओलांडणे हाच वादाचा विषय होता. सिंधुबंदीची रूढी समाजात दृढ होती आणि जहाज हे दूरच्या देशी पोहोचण्याचे साधन होते. आजच्या पर्यटन-सफरीत साधनच साध्य झाले आहे. प्रवासी ज्या बंदरातून निघतो, अनेकदा त्याच बंदरात परततो. साहजिकच लेखनाचा विषयही बदलतो. परक्या देशाऐवजी खोली, जेवण, रांगा, करमणूक आणि डेकवरून दिसणारे दृश्य यांना मध्यवर्ती स्थान मिळते. अशा लेखनात देश कमी दिसतो म्हणून त्याला दोष देण्यापूर्वी त्याचा हेतू कोणता आहे, हे पाहिले पाहिजे.

७.३.२ नदी आणि समुद्र : अनुभवाची परिस्थिती

‘जलपर्यटन’ या एका शब्दाखाली किती भिन्न अनुभव येतात, ते दोन उदाहरणांवरून ध्यानी येईल. १३ जानेवारी २०२३ रोजी वाराणसीहून दिब्रुगढकडे निघालेल्या ‘गंगा विलास’ या नौकेवर ३६ प्रवाशांची सोय होती. बांगलादेशातून जाणारा सुमारे ३,२०० किलोमीटरचा हा प्रवास ५१ दिवसांचा योजलेला होता. याउलट, जानेवारी २०२४ मध्ये मायामीहून पहिल्या सफरीला निघालेल्या ‘आयकॉन ऑफ द सीज’ या जहाजाला २० डेक आहेत आणि एका खोलीत दोघे असा हिशेब धरला तरी त्यावर ५,६०० हून अधिक प्रवासी मावतात. पहिल्या नौकेवरचा प्रवासी शेजाऱ्यांना नावाने ओळखू लागतो. दुसऱ्या जहाजावरच्या प्रवाशाला सात दिवसांत तोच चेहरा पुन्हा दिसेल याची खात्री नसते. पहिल्या प्रवासाबद्दल ‘निवांत’ आणि दुसऱ्याबद्दल ‘गजबजलेला’ असे शब्द आले, तर त्यांत आश्चर्य नाही. मात्र ‘निवांत’ हाच शब्द एकाच्या लेखी स्तुतीचा असतो आणि दुसऱ्याच्या लेखी कंटाळ्याचा.

नदीतील सफरीत काठ सतत दृष्टीपथात असतो. शेते, घाट, गुरे, कपडे धुणारी माणसे दिसत राहतात. पाणी बहुधा संथ असते, म्हणून बोट लागण्याचा त्रास क्वचित होतो. समुद्रात मात्र कित्येकदा दिवसभर क्षितिजाखेरीज काही दिसत नाही आणि लाटांचा प्रभाव ऋतूवर अवलंबून असतो. अरबी समुद्र जून ते सप्टेंबर या काळात खवळलेला असतो, हे कोकणकिनाऱ्यावरच्या वाचकाला सांगावयास नकोच. शिवाय जहाजाच्या मध्यभागी, खालच्या डेकवर हालचाल कमी जाणवते. टोकाच्या किंवा वरच्या डेकवरील खोलीत ती अधिक जाणवते. म्हणजे ‘समुद्र शांत होता’ असे एकाने आणि ‘रात्रभर झोप नाही’ असे दुसऱ्याने लिहिले, तरी दोघेही एकाच जहाजावर असू शकतात व दोघेही खरे बोलत असू शकतात.

यावरून पहिले सूत्र हाती लागते. अभिप्राय वाचताना ऋतू, मार्ग, नौकेचा आकार, खोलीचे स्थान आणि प्रवाशाची अपेक्षा या पाच गोष्टी शोधाव्यात. त्या सापडत नसतील, तर त्या मताचे वजन कमी धरावे.

७.३.३ अनुभवाचे व्याकरण

पुढील दोन वाक्ये पाहा :

(अ) जहाजावरचे जेवण बेचव होते.
(आ) मला जहाजावरचे जेवण बेचव वाटले.

पहिल्या वाक्यात बेचवपणा हा जेवणाचा गुण म्हणून सांगितला आहे. चव घेणारी व्यक्ती वाक्यातून नाहीशी झाली आहे. दुसऱ्या वाक्यात ती ‘मला’ या चतुर्थीच्या रूपाने उपस्थित आहे. आवडणे, वाटणे, दिसणे, जाणवणे, लागणे, पटणे अशी कितीतरी क्रियापदे मराठीत अनुभवणाऱ्या व्यक्तीला चतुर्थीत ठेवतात. अनुभव हा आपण करीत नाही, तो आपणांस येतो, अशी ही रचना आहे. ‘मला बोट लागली’ हा प्रयोग याचे उत्तम उदाहरण होय. येथे व्याकरणदृष्ट्या ‘बोट’ कर्तृपदी आहे आणि प्रवासी ते सोसणारा आहे.

व्यवहारात (अ) प्रकारची वाक्ये चुकीची नव्हेत. परंतु सलग दहा वाक्ये तशीच असतील, तर एका व्यक्तीची रुची सर्वांवर नियम म्हणून लादली जाते. घरी रोज तिखट खाणाऱ्याला जे अळणी लागते, ते पथ्यावर असणाऱ्याला सुखाचे वाटू शकते.

सर्वनामांचीही अशीच दक्षता घ्यावी. ‘आम्ही डेकवर उभे होतो’ यात वाचक बाहेर राहतो. ‘आपण डेकवर उभे असतो आणि समोर सूर्य मावळत असतो’ यात वाचकाला अलगद डेकवर उभे केले जाते. भूतकाळातील एक संध्याकाळ नित्याची होऊन बसते. जाहिरातीच्या भाषेला ही रचना विशेष प्रिय असते. त्या दिवशी आकाश निरभ्र होते, हे अशा वाक्यात कोठेच येत नाही.

विशेषणांबाबत एक सोपी कसोटी लावून पाहावी. ‘अविस्मरणीय’, ‘स्वर्गीय’, ‘अप्रतिम’ ही विशेषणे नाईलऐवजी महाबळेश्वराला लावली तरी वाक्य जसेच्या तसे चालते. जे विशेषण कोठेही चालते, ते त्या स्थळाविषयी काहीच सांगत नाही.

७.३.४ पाहिलेले, ऐकलेले आणि तर्काने जाणलेले

भारतीय न्यायदर्शनात प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द अशी चार प्रमाणे मानली आहेत. त्यांपैकी प्रत्यक्ष, अनुमान आणि शब्द ही तीन येथे आपल्या उपयोगाची आहेत. पुढील वाक्ये पाहा :

(इ) नौका तीन तास उभी होती.
(ई) पुढे गर्दी असावी.
(उ) पुढे म्हणे दोन नौका अडकल्या होत्या.

पहिले वाक्य प्रत्यक्षाचे, दुसरे अनुमानाचे आणि तिसरे ऐकीव माहितीचे. ‘असावी’ हे रूप आणि ‘म्हणे’ हे अव्यय यांच्या साहाय्याने मराठी भाषा ज्ञानाचा उगम थोडक्यात नोंदवते. घाईने लिहिताना हीच चिन्हे प्रथम गळून पडतात. ‘पुढे दोन नौका अडकल्या होत्या’ असे लिहिताच ऐकीव गोष्ट पाहिलेली होऊन बसते.

नाईलवरील एक उदाहरण घेऊ. अस्वानजवळचे फिलीचे मंदिर बेटावर आहे, हे प्रवासी पाहतो. परंतु ते मूळच्या बेटावर नाही. १९७० च्या दशकात ते दगड-दगड सुटे करून जवळच्या अगिलकिया बेटावर पुन्हा उभारण्यात आले. ही माहिती त्याला मार्गदर्शकाकडून किंवा पुस्तकातून मिळते. ‘हजारो वर्षे याच जागी उभे असलेले मंदिर पाहून मन भारावले’ या वाक्यातील भावना खरी असेल, पण विधान खोटे आहे. भावनेचा खरेपणा विधानाला आपोआप लाभत नाही.

७.३.५ नाईलचा एक दिवस, तीन अभिप्राय

लक्सर ते अस्वान हा सुमारे २०० किलोमीटरचा टप्पा नाईलवरील सफरींचा मुख्य मार्ग आहे. नदी दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते, म्हणून इजिप्तचा दक्षिण भाग ‘वरचा इजिप्त’ म्हणवला जातो. वारा मात्र बहुतेक वेळा उत्तरेकडून येतो. म्हणून प्राचीन इजिप्तच्या चित्रलिपीत दक्षिणेकडे जाणे हे शीड उभारलेल्या नौकेने आणि उत्तरेकडे जाणे हे शीड उतरवलेल्या नौकेने दाखवीत. भूगोल लिपीत कसा उतरतो, याचा हा सुंदर दाखला आहे.

या मार्गावर एस्ना येथे बंधारा असून नौकांना पाणी-दरवाजातून जावे लागते. तेथे नौका थांबल्या की छोट्या होड्यांतून विक्रेते जवळ येतात, शाली व चादरी दाखवतात आणि पिशवीत घालून वर डेकवर फेकतात. सौदा पटला तर पैसे खाली टाकले जातात. या प्रसंगावर तीन अभिप्राय कल्पू :

(क) ‘विक्रेत्यांनी अक्षरशः हैराण केले. नौकेच्या व्यवस्थापनाने यांना अडवायला हवे.’
(ख) ‘एस्नाची धमाल चुकवू नका! अशी खरेदी कोठेच होत नाही.’
(ग) ‘एस्नाला आमची नौका दोन तास थांबली. होड्यांतून विक्रेते आले. मला आरंभी त्यांच्या ओरडण्याची भीती वाटली. नंतर एका चादरीचा भाव ठरवताना मौजही वाटली. ज्यांना शांतता हवी, त्यांनी या वेळी खोलीत बसावे.’

(क) मध्ये अनुभव एकदम मागणीत बदलला आहे. (ख) मध्ये तो आज्ञेत बदलला आहे. (ग) मध्ये घटना, अनुभव आणि सल्ला हे तिन्ही वेगळे राहिले आहेत; वाचक त्यांतून स्वतःचा निर्णय घेऊ शकतो. (ग) ची भाषा कमी आकर्षक आहे, तरी ती अधिक उपयोगी आहे.

७.३.६ काठावरची आणि डेकखालची माणसे

वरील तिन्ही अभिप्रायांत आणखी एक प्रश्न दडलेला आहे. विक्रेत्याच्या बाजूने हा प्रसंग कसा दिसत असेल? प्रवाशासाठी जी ‘धमाल’ किंवा ‘हैराणी’ आहे, ती त्याच्यासाठी रोजची भाकरी आहे. इजिप्तमध्ये मराठी प्रवाशाच्या कानी ‘बक्शीश’ हा शब्द वारंवार पडतो. आपल्या ‘बक्षीस’ आणि ‘बक्षिसी’ या शब्दांचे मूळही त्याच फारसी शब्दात आहे. मात्र मराठीत ‘बक्षीस’ हा गौरव झाला आणि ‘बक्षिसी’ ही किरकोळ सेवेची परतफेड. एकाच मुळातून आलेल्या या दोन शब्दांत देणाऱ्याची दृष्टी कशी बदलते, ते पाहावे.

सागरी जहाजांवरही हेच आढळते. गोव्यातील आणि कोकणातील अनेक कुटुंबांतील माणसे जहाजांवर काम करतात. सहा ते नऊ महिने घरापासून दूर राहणे त्यांच्यासाठी नेहमीचे असते. मूळ अर्थाने ‘प्रवास’ त्यांचाच घडतो. प्रवाशाची केवळ सफर होते. फेब्रुवारी २०२० मध्ये योकोहामा बंदरात ‘डायमंड प्रिन्सेस’ हे जहाज करोनाच्या साथीमुळे अडकून पडले. त्यावर ३,७११ माणसे होती. प्रवाशांना खोल्यांत राहण्यास सांगितले असताना कर्मचारी त्यांना जेवण पोहोचवत होते. त्या कर्मचाऱ्यांत शंभराहून अधिक भारतीय होते. ‘सेवा उत्तम’ या दोन शब्दांमागे कोण उभे असते, हे अशा वेळी ध्यानी येते.

म्हणून तक्रार लिहूच नये, असे नव्हे. खोली अस्वच्छ असेल तर तसे स्पष्ट लिहावे. परंतु ‘कर्मचारी आळशी’ असे लिहिण्याऐवजी ‘दोनदा सांगूनही सायंकाळपर्यंत खोली आवरली गेली नाही’ असे लिहावे. पहिले वाक्य माणसाच्या स्वभावावर निकाल देते. दुसरे घडलेली गोष्ट नोंदवते, आणि तिची चौकशी होऊ शकते.

७.४ सारांश

जलप्रवासाविषयीची मते भिन्न असतात, कारण नौका, मार्ग, ऋतू, खोली आणि अपेक्षा भिन्न असतात. मराठीतील चतुर्थीची अनुभवदर्शक रचना, ‘असावा–असावी’ सारखी रूपे, ‘म्हणे’ हे अव्यय आणि ‘आम्ही–आपण’ हा भेद यांमुळे अनुभव, अनुमान व ऐकीव माहिती वेगळी ठेवता येते. चांगला अभिप्राय घटना, अनुभव आणि सल्ला यांची सरमिसळ करीत नाही, आणि ज्यांच्याविषयी लिहिले जाते त्या माणसांचे भान ठेवतो.

७.५ शब्दार्थ

सिंधुबंदी : समुद्र ओलांडण्यावरील धार्मिक-सामाजिक निर्बंध.
पाणी-दरवाजा : पाण्याची पातळी कमी-अधिक करून नौका पलीकडे नेण्याची बंदिस्त जागा.
बोट लागणे : नौकेच्या हेलकाव्यांमुळे मळमळणे.

७.६ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. ‘मला खोली लहान वाटली’ या वाक्यात अनुभवणारी व्यक्ती कोणत्या विभक्तीत आहे?
२. ‘नौका जुनी असावी’ हे वाक्य कोणत्या प्रमाणाचे आहे?
३. प्राचीन इजिप्तच्या लिपीत दक्षिणेकडील प्रवास कसा दाखवीत?

उत्तरे : १. चतुर्थी. २. अनुमान. ३. शीड उभारलेल्या नौकेच्या चित्राने.

७.७ सरावासाठी स्वाध्याय

१. (क) आणि (ख) या अभिप्रायांचे (ग) च्या धर्तीवर पुनर्लेखन करा.
२. ‘भावनेचा खरेपणा विधानाला आपोआप लाभत नाही’ हे विधान सोदाहरण स्पष्ट करा.
३. क्षेत्रीय कार्य : आपल्या परिसरातील होडी, तर किंवा लाँचने प्रवास केलेल्या दोन व्यक्तींना एकाच प्रवासाविषयी स्वतंत्रपणे विचारा. त्यांची उत्तरे त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. शक्य झाल्यास होडी चालवणाऱ्यालाही तोच प्रश्न विचारा. तिन्ही उत्तरांतील पाहिलेले, ऐकलेले व वाटलेले वेगळे करून ३०० शब्दांत मांडा.