आभासी निसर्ग आणि वार्धक्यातील वेदना

गुडघे दुखतात म्हणून अंगणात उतरणे बंद झाले, अंगणात उतरणे बंद झाले म्हणून शेजाऱ्यापाजाऱ्यांशी बोलणे कमी झाले, आणि बोलणे कमी झाले म्हणून दुखण्याकडे लक्ष अधिकच जाऊ लागले, हा क्रम आपल्यापैकी अनेकांनी आपापल्या घरी पाहिला असेल. ‘आता वय झाले, दुखायचेच’ असे म्हणून घरची मंडळी स्वस्थ राहतात आणि वृद्ध माणूसही हळूहळू तक्रार करणे सोडून देतो. ही उपेक्षा दूर होणे अगत्याचे आहे. औषधोपचारांच्या जोडीला निसर्गदृश्यांचा, विशेषतः यंत्राच्या साहाय्याने निर्माण केलेल्या आभासी निसर्गाचा, वेदना सुसह्य करण्यासाठी कितपत उपयोग होतो यासंबंधी अलीकडे बरेच संशोधन झाले आहे. त्याचा परिचय करून देणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रश्नाचे स्वरूप

तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणाऱ्या किंवा पुनःपुन्हा उद्भवणाऱ्या वेदनेस वैद्यकशास्त्रात दीर्घकालीन वेदना म्हणतात. संधिवात, कंबरदुखी, मणक्यांची झीज, मधुमेहामुळे होणारी पायांची आग ही तिची नित्याची कारणे होत. २०११ च्या जनगणनेनुसार भारतात साठ व त्याहून अधिक वयाच्या व्यक्तींची संख्या दहा कोटींहून अधिक, म्हणजे लोकसंख्येच्या ८.६ टक्के होती. गोव्यात हेच प्रमाण ११.२ टक्के होते. तेव्हा हा प्रश्न आपल्या दारातलाच आहे.

वृद्धांच्या बाबतीत आणखी एक अडचण असते. दुकानातून सहज आणल्या जाणाऱ्या अनेक वेदनाशामक गोळ्या दीर्घकाळ घेतल्यास जठरात व्रण होणे, रक्तस्राव होणे, मूत्रपिंडांवर ताण पडणे असे अपाय संभवतात व वाढत्या वयात हा धोका वाढतो. म्हणूनच औषधांची मात्रा मर्यादित ठेवून वेदना कमी करणारे उपाय वैद्यांना हवे असतात.

मन आणि वेदना

लग्नघरात दिवसभर राबणाऱ्या आजीला आपल्या गुडघ्यांची आठवण होते ती रात्री पाठ टेकल्यावर. हा केवळ मनाचा खेळ नव्हे. रोनाल्ड मेल्झॅक व पॅट्रिक वॉल या शास्त्रज्ञांनी १९६५ साली असा सिद्धांत मांडला की, मज्जारज्जूमध्ये वेदनेच्या संदेशांना वाट देणारे वा अडविणारे जणू एक द्वार असते आणि मेंदूकडून खाली येणाऱ्या संदेशांचाही त्या द्वारावर अंमल चालतो. पुढील संशोधनात या सिद्धांतात फेरफार झाले; तथापि लक्ष, भीती, चिंता व प्रसन्नता यांमुळे वेदनेची तीव्रता बदलते, हे त्याचे सार आजही मान्य आहे.

खिडकीबाहेरची झाडे

रुग्णाच्या दृष्टीस फुले, रंग आणि खिडकीबाहेरचे दृश्य पडावे, असा आग्रह फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी आपल्या शुश्रूषाविषयक पुस्तकात एकोणिसाव्या शतकातच धरला होता. त्याला मोजमापाचा आधार मिळाला तो १९८४ साली. रॉजर उलरिच यांनी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातील एका रुग्णालयाच्या १९७२ ते १९८१ या काळातील नोंदी तपासल्या. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांपैकी निम्म्यांच्या खिडकीतून झाडे दिसत, तर निम्म्यांना समोर विटांची भिंत दिसे. झाडे दिसणारे रुग्ण सरासरी ७.९६ दिवसांत घरी गेले. भिंत दिसणाऱ्यांना ८.७० दिवस लागले. पहिल्या गटाला तीव्र वेदनाशामकेही कमी लागली.

यंत्रातील निसर्ग

ज्याच्या खाटेला खिडकीच नाही, किंवा ज्याला खिडकीपर्यंत जाता येत नाही, त्याचे काय? येथे आभासी वास्तवाचे तंत्र उपयोगी पडते. डोळ्यांवर चष्म्यासारखा परंतु चहूकडून बंद असा हेडसेट चढविला की, समोर अरण्य, धबधबा वा सागरकिनारा दिसू लागतो. मान वळवावी तसे दृश्य वळते आणि कानांवर पाण्याचा खळखळाट व पक्ष्यांचे कूजन पडते.

वेदनाशमनासाठी या तंत्राचा पद्धतशीर उपयोग सिअ‍ॅटल येथे हंटर हॉफमन व डेव्हिड पॅटर्सन यांनी भाजलेल्या रुग्णांवर प्रथम केला. जखमा स्वच्छ करताना होणाऱ्या असह्य यातनांच्या वेळी रुग्णाला बर्फाच्छादित दरीत नेऊन हिममानवांवर व पेंग्विनांवर बर्फाचे गोळे फेकण्यात गुंतविले जाई. त्यांचे पहिले निष्कर्ष २००० साली प्रसिद्ध झाले आणि ते आशादायक होते.

ही वेदना तात्कालिक होती. दीर्घकालीन कंबरदुखीसाठी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने नोव्हेंबर २०२१ मध्ये अशा एका उपकरणास मान्यता दिली. आठ आठवड्यांच्या या कार्यक्रमात रोज काही मिनिटे दीर्घ श्वसन, शिथिलीकरण व लक्ष वळविण्याचा अभ्यास करवून घेतला जातो. १७९ व्यक्तींच्या चाचणीत, हा अभ्यास करणाऱ्यांपैकी ६६ टक्के व्यक्तींची वेदना ३० टक्क्यांहून अधिक घटली. तुलनेच्या गटाला तसाच हेडसेट देऊन त्यात निसर्गाची सपाट चित्रफीत दाखविण्यात आली होती. त्यांपैकी ४१ टक्के व्यक्तींना तेवढा आराम पडला. यावरून ध्यानात येते की, केवळ दृश्य पाहण्यापेक्षा त्याच्या जोडीने केलेला श्वसनाचा व मनःस्थैर्याचा अभ्यास अधिक फलदायी ठरतो.

२०२५ साली व्हिएन्ना विद्यापीठातील संशोधकांनी ४९ निरोगी व्यक्तींना निसर्ग, शहर व घराचा अंतर्भाग यांच्या चित्रफिती दाखवीत हाताला सौम्य विद्युत्‌धक्के दिले आणि मेंदूचे आलेखन केले. निसर्गदृश्य पाहताना वेदना कमी जाणवली आणि वेदनेची मूळ संवेदना हाताळणाऱ्या मेंदूच्या भागांतील हालचालही घटली.

वृद्धांच्या बाबतीत खबरदारी

वरील प्रयोग मुख्यत्वे वृद्धांवर झालेले नाहीत. म्हणून त्यांचे निष्कर्ष जसेच्या तसे वृद्धांना लावणे योग्य होणार नाही. उपयोग करताना पुढील पथ्ये पाळावीत:

१. वैद्यांचा सल्ला प्रथम घ्यावा. अपस्मार, भोवळ किंवा नुकतीच झालेली डोळ्यांची शस्त्रक्रिया असल्यास विशेष जपावे.

२. रुग्णाला हात असलेल्या स्थिर खुर्चीवर बसवावे व जवळ कोणीतरी थांबावे. उपकरण काढल्यावर लगेच उभे राहू देऊ नये. तोल जाण्याची भीती असते.

३. आरंभ पाच मिनिटांपासून करावा. मळमळ वाटल्यास तत्काळ थांबावे. वेगाने सरकणारी दृश्ये टाळून स्थिर, शांत दृश्ये निवडावीत.

४. मानेचे दुखणे असणाऱ्यास उपकरणाचे वजन सोसेल की नाही ते पाहावे. ते अनेकांसाठी वापरायचे असल्यास प्रत्येक वेळी स्वच्छ पुसावे.

५. चालू असलेली औषधे वा व्यायाम आपल्या मनाने बंद करू नयेत. नव्याने सुरू झालेली वेदना, ताप, वजन घटणे वा हातापायांतील शक्ती जाणे ही लक्षणे दिसल्यास विलंब न लावता रुग्णालय गाठावे.

उपसंहार

आभासी निसर्ग हा सांधा दुरुस्त करीत नाही, किंवा झिजलेला मणकाही भरून काढीत नाही. वेदनेने व्यापलेल्या दिवसात काही मिनिटांची उसंत तो देतो आणि त्या उसंतीत श्वसनाचा वा हालचालीचा अभ्यास करण्यास माणूस राजी होतो, एवढे त्याचे मोल आहे. पण अंथरुणाला खिळलेल्या वृद्धास ते थोडे नाही.

ज्यांना हे उपकरण परवडणारे नाही त्यांनीही निराश होऊ नये. खाट खिडकीकडे फिरविणे, दृष्टीच्या टप्प्यात तुळशीची वा जास्वंदीची कुंडी ठेवणे, सकाळी धरून का होईना पण ओटीवर आणून बसविणे आणि घटकाभर त्यांच्यापाशी बसणे यांस फारसा खर्च येत नाही. गोव्यासारख्या प्रदेशात माड, शेत आणि नदी बहुधा दाराबाहेरच असतात. तेथपर्यंत वृद्धांना हात देऊन नेण्याचे काम मात्र कोणतेही यंत्र करणार नाही. ते घरच्या माणसांनीच करावयाचे आहे.